विर्वे काडारिकचा खरा नमुना

विर्वे काडारिकशी भांडण टाळायचं असेल तर एकच उपाय होता, तिला काही लिहायला सांगायचं नाही. एरवी ती कोणाच्या अध्यातमध्यात नसे. कोपलीहून येणाऱ्या ट्राममध्ये रोज तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईला तिने कित्येक वर्षांत ओळख दाखवली नव्हती. त्या बाईनेही दाखवली नव्हती, आणि दोघींचं त्यात काही बिघडलं नव्हतं. तालिन शहरात याला शेजारधर्म म्हणतात. पण लिहायचं काम हातात आलं की बाईंच्या अंगात यायचं. मग समोर साहेब असो की साहेबाचा साहेब, एका शब्दावरून ती महिनाभर अबोला धरू शकत असे, आणि शब्द बदलल्याशिवाय तो सोडत नसे.

धंदा म्हणाल तर माहितीपुस्तिका लिहिणं. यंत्र विकत घेतलं की खोक्यात एक पातळ पुस्तिका निघते, ती कोणी वाचत नाही आणि यंत्र बिघडलं की सगळे शोधतात. ती लिहिणारी माणसंही कुठेतरी असतात, त्यांपैकी विर्वे एक. हाप्सालूच्या एका गॅरेजवाल्याची मुलगी. आधी तिने सौनाच्या, म्हणजे वाफेच्या लाकडी न्हाणीघरांच्या, भट्ट्यांच्या पुस्तिका लिहिल्या, मग जहाजांवर ठेवतात त्या फुगणाऱ्या तराफ्यांच्या कारखान्यात लागली आणि तिथेच तिचं निम्मं आयुष्य गेलं. मधल्या काळात लग्नही झालं. नवरा जहाजावर आचारी होता, आणि प्रत्येक गोष्ट थोडी फुगवून सांगायची त्याला खोड होती. विर्वेला तराफा सोडून दुसरं काही फुगवलेलं खपत नसे. संसार मोडला तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही, आणि नवरा पुढच्याच जहाजाने निघून गेला.

तराफ्याच्या कारखान्यात तिने आपला नियम केला. तिच्या आधीच्या माणसाने पुस्तिकेत लिहून ठेवलं होतं, दोरी ओढा म्हणजे तराफा फुगेल. त्या गृहस्थाने जन्मात कधी समुद्रात पाय ओला केला नव्हता. विर्वे चाचणीचा पोशाख चढवून मार्चच्या पाण्यात स्वतः उतरली आणि दोरी ओढली, तर दोरी नुसती येतच राहिली, तराफा आपला ढिम्म. बुडणाऱ्या माणसाला इथे वाटणार की तराफा बिघडलाय, तो दोरी सोडून देणार, आणि कारभार आटोपला. दोरी संपेपर्यंत ओढा, ती ताणली गेली की जोराचा हिसका द्या, हे वाक्य तिने निळ्या पडलेल्या ओठांनी किनाऱ्यावरच लिहवून घेतलं. तेव्हापासून, जे स्वतः करून पाहिलं नाही ते छापायचं नाही आणि नमुना द्यायचा तर खराच द्यायचा, हा तिचा धर्म झाला. पुढे तो कारखाना पोलंडला गेला आणि विर्वे घरी बसली.

पन्नाशी उलटलेल्या बाईला मग काम मिळालं ते नाण्यांच्या कंपनीत. नाणी म्हणजे खिशात खुळखुळणारी नव्हेत, संगणकावरची, क्रिप्टो म्हणतात ती. या जातीची नाणी इथे भरा, त्या जातीची घेऊन जा किंवा बँकेत पैसे घ्या, आणि मधल्यामध्ये कंपनी आपला वाटा काढून घेई. प्रत्येक अदलाबदलीची एक ऑर्डर, प्रत्येक ऑर्डरला एक लांबलचक नंबर. तो नंबर टाकला की ऑर्डर कुठवर आली ते कोणालाही कळे. वाट पाहते आहे, अडवली आहे, पूर्ण झाली, किंवा नाणी परत गेली. पत्त्याचं किंवा पैशाच्या उगमाचं काही शंकास्पद वाटलं की ऑर्डर अडवली जाई, ग्राहकाने मुदतीत खुलासा करायचा, नाही केला तर नाणी आली तिथेच परत जात. एवढाच सगळा मामला.

ऑफिस जुन्या गिरणीच्या इमारतीत होतं आणि तिथला प्रमुख रायगो. वयाने तिच्या मुलासारखा, पण मुलगा असता तर तिने घराबाहेर काढला असता असा. बूट दाराशी काढून लोकरी मोज्यांवर तो ऑफिसभर बिनआवाज फिरे, त्यामुळे पाठीशी येऊन कधी उभा राहिला ते समजत नसे. तिथे लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरे करत, तसं हे दोघंही करत. पण पहिल्या आठवड्यापासून त्यांच्यात विस्तव जाईना. तिने लिहिलेलं तो कापे, त्याने कापलेलं ती परत चिकटवे. तिच्या वाढदिवसाला तिने रिवाजाप्रमाणे क्रिंगेल भाजून आणलं. सगळ्यांनी तो गोड पाव खाल्ला, रायगोने मात्र मला गहू चालत नाही म्हणून ताटली सरकवली. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात दालचिनीचा बन खाताना तिला दिसला. बाईंनी हे मनात नीट घडी घालून ठेवलं.

एके दिवशी रायगो तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

"आता लोक वाचणार नाहीत," तो म्हणाला. "लोकांचे एजंट वाचणार. माणूस फोनला विचारेल, माझ्या ऑर्डरचं काय झालं, आणि फोनमधला एआय आपल्या साधनाला, म्हणजे ऑर्डरची स्थिती सांगणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारून त्याला सांगेल. साधन कशाचं आहे, कसं विचारायचं, उत्तर काय येतं, एवढं तू लिहायचं."

"म्हणजे मी मशीनसाठी लिहायचं."

"मशीन तक्रार करत नाही."

"मशीन बुडतही नाही," विर्वे म्हणाली. "बुडतो तो फोन धरणारा."

रायगोने खांदे उडवले. विर्वेने काम घेतलं, कारण दुसरं कोणी तिला ठेवून घेणार नव्हतं, आणि ही गोष्ट दोघांनाही माहीत होती.

तिने त्या एजंटांना नाव ठेवलं, सांगकामे. सांगकाम्या कसा असतो ते कोणाला सांगायला नको. सांगाल तेवढंच करतो आणि न सांगितलेलं मनाने भरतो, आणि दोन्हीही तितक्याच उत्साहाने. तिला ते लिहिणं आवडलं नाही. माणसासाठी लिहिताना समोर एक चेहरा असतो, वैतागलेला का होईना. इथे समोर काहीच नव्हतं. तरी तिने ते काम नेटाने केलं, कारण वाईट लिहिणं तिला जमत नसे.

भांडणं व्हायची ती झालीच. अडवलेल्या ऑर्डरला रायगोला 'प्रक्रिया सुरू आहे' असं म्हणायचं होतं. ऐकायला गोड लागतं, ग्राहक घाबरत नाही. विर्वे म्हणाली की अडवलेल्याला चाललेलं म्हणणं याला आमच्या हाप्सालूत थाप म्हणतात. ती अडून बसली आणि तिने लिहिलं, ऑर्डर अडवलेली आहे, ग्राहकाने मुदतीत उत्तर दिलं नाही तर नाणी पाठवणाऱ्याकडे परत जातील, एजंटने हे ग्राहकाला ताबडतोब सांगावं. ते वाक्य तिने राखलं. त्यासाठी रायगोने तिला महिनाभर पाण्यात पाहिलं.

दुसरं भांडण नमुन्यावरून झालं. नंबर कसा लिहायचा ते कळावं म्हणून एक उदाहरण द्यावं लागतं. रायगो म्हणाला, टाक काहीही, एक दोन तीन चार. विर्वे ऐकेना. तिने स्वतःच्या पगारातून थोडी नाणी घेतली, कंपनीच्याच दारातून रीतसर ग्राहक म्हणून आत गेली, ओळखपत्र दाखवलं, अदलाबदल केली, आणि जो नंबर मिळाला तो साधनाच्या माहितीच्या पानावर छापला. खाली उत्तरही खरं छापलं, ऑर्डर पूर्ण झाली, रक्कम पाठवली आहे.

"कोणी करून पाहिलं तर तसंच निघालं पाहिजे," ती म्हणाली.

"कशाला कोण करून पाहील?" रायगो म्हणाला. "खोटा टाक म्हणतोय ना. हट्ट कसला?"

"खोटा नमुना मी छापत नाही."

रायगोला ते पान भागीदार कंपन्यांना द्यायची घाई होती. त्याने हात झटकले, आणि पान गेलं.

इथेच बाईंची चूक झाली, आणि ती त्यांच्याच धंद्यातल्या माणसाच्या हातून व्हावी अशी होती. आजवर कोणत्याही माणसाने पुस्तिकेतल्या नमुन्याचा नंबर आपला म्हणून वापरला नव्हता. पुस्तिकेत 'उदाहरणार्थ, श्री. तामसालू' असं छापलं म्हणून कोणी स्वतःला तामसालू म्हणवून घेत नाही. सांगकाम्या घेतो. माणसाने त्याला विचारलं, माझी ऑर्डर कुठे आहे, आणि नंबर दिलाच नाही, तर शहाण्याने नंबर मागावा. यांतले काही मागत. काही मात्र पान वाचत, तिथे छापलेला नंबर उचलत, तोच साधनाला विचारत, आणि खऱ्या साधनाकडून आलेलं खरं उत्तर आपल्या मालकाला देत. पूर्ण झाली, रक्कम पाठवली आहे. नंबर नसेल तर ग्राहकाला विचारा, उदाहरणातला कधीही वापरू नका, एवढं एक वाक्य तिथे हवं होतं. ते विर्वेला सुचलं नाही. खोटा नंबर टाकला असता तर निदान 'अशी ऑर्डर नाही' एवढं तरी उत्तर आलं असतं. म्हणजे तेवढ्या एका बाबतीत रायगोचं बरोबर होतं, आणि हे तिला पुढे सगळ्यात जास्त जाळणार होतं.

कळलं ते मेरिलिनमुळे. मेरिलिन तक्रारी बघायची. दिवसभर परक्यांच्या शिव्या खाऊनही तिची भूक शाबूत असे, त्या दिवशीही ती काळ्या पावावर मासळी ठेवून खात होती आणि खाताखाता वैतागली होती.

"या एका नंबरने वेड लावलंय," ती विर्वेला म्हणाली. "लिस्बनचा म्हणतो ऑर्डर माझी. गदान्स्कची बाई म्हणते माझी. आता व्होरूचा एक सौनावाला म्हणतो माझी. एक ऑर्डर आणि इतके बाप."

विर्वेने पडद्याकडे पाहिलं. नंबर वाचायची गरज नव्हती, सुरुवातीच्या अक्षरांवरूनच तिला तो कळला. स्वतःच्या घराचा पत्ता कळावा तसा. मेरिलिनला तिने काही सांगितलं नाही, सौनावाल्याची तक्रार मात्र उघडून शेवटपर्यंत वाचली.

तो काल्मेर नावाचा माणूस होता. व्होरूच्या बाजूला एकटाच राहून ओंडक्यांचे सौना बांधून विकायचा. अख्खा हिवाळा खपून त्याने एक मोठा सौना बांधला, परदेशातल्या एकाने तो घेतला आणि पैसे नाण्यांत देतो म्हणाला. काल्मेरला नाण्यांतलं काही कळत नव्हतं. मुलीने त्याच्या फोनमध्ये सगळं लावून दिलं, ऑर्डर केली, आणि ती नॉर्वेला आपल्या कामावर निघून गेली. घेणाऱ्याने नाणी थेट त्या ऑर्डरवर भरली, पण ऑर्डर अडवली गेली. खुलाशाची मागणी मुलीच्या नावाच्या एका जुन्या मेलवर येऊन पडली. काल्मेर रोज सकाळी फोनला विचारी, माझ्या ऑर्डरचं काय झालं, आणि फोन रोज सकाळी सांगे, पूर्ण झाली, रक्कम पाठवली आहे, बँकेत यायला वेळ लागू शकतो. त्या भरवशावर त्याने सौना उतरवला, ओंडक्यांवर खुणा केल्या आणि ट्रकमध्ये चढवून दिला. मुदत संपली. नाणी आली तिथे, म्हणजे घेणाऱ्याकडेच, परत गेली. आता घेणाऱ्याकडे सौनाही होता आणि नाणीही होती, आणि तो फोन उचलत नव्हता.

विर्वे तडक रायगोकडे गेली. नमुना आत्ताच्या आत्ता काढायला हवा, ती म्हणाली, आणि त्या माणसाला लिहून द्यायला हवं की चूक पानाची आहे.

रायगोने तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याच्या तोंडावर तिला समाधान दिसलं, आणि ते लपवायचे कष्टही त्याने घेतले नाहीत.

"तो नंबर तूच हट्टाने टाकलास," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय, काढ."

"आता नाही. वकिलाने सांगितलंय, तक्रार चालू आहे तोवर पानाला हात लावायचा नाही. आज बदललं तर उद्या तो म्हणेल, बदललंत म्हणजे चुकला होतात."

"चुकलोच आहोत."

"तू चुकलीस. कंपनी चुकलेली नाही. फोन त्याचा, एजंट त्याचा, नंबर न देणारा तो. आपलं पान बरोबर आहे. तुझंच वाक्य आहे ना त्यात, अडवलेली असेल तर ताबडतोब सांगा म्हणून? किती छान लिहिलंयस."

त्याच दुपारी पान बदलायचे तिचे अधिकार काढून घेतले गेले. एकेकाळी हा नंबर नको म्हणणारा आता तो राखत बसला होता, आणि हाच हवा म्हणणारीला तो काढता येत नव्हता. आणि पान तसंच उघडं होतं. रोज कुठले कुठले सांगकामे ते वाचत होते आणि कोणाकोणाला काय सांगत होते ते देवालाच ठाऊक. विर्वेला संताप आला तो रायगोचा आला, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःचा आला. ज्या गृहस्थाने समुद्रात पाय न बुडवता दोरीबद्दल लिहिलं होतं त्याला तिने जन्मभर नावं ठेवली होती. आता त्याच्या पंगतीला बसायची वेळ आली होती.

मग काल्मेर स्वतःच आला. तिथले लोक तक्रार घेऊन सहसा दारात येत नाहीत, मेल लिहितात आणि मनातल्या मनात शिव्या देतात. हा व्होरूहून बस पकडून आला. रुंद, पाठीत वाकलेला माणूस, अंगाला डांबराचा वास, दारातली बुटांची रांग पाहून त्यानेही बूट काढले. एका मोज्याला भोक होतं आणि ते लपवायला तो पाय पायावर ठेवून उभा राहिला. मेरिलिनने कॉफी दिली, ती त्याने टेबलावर तशीच ठेवली.

रायगोने हात पुढे केला नाही. कंपनीला खेद आहे, पण दस्तऐवज अचूक आहे, तुमचा एजंट ज्या कंपनीचा आहे तिला विचारा, असं त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. काल्मेरने विचारलं की तो नंबर तुमच्या पानावर कोणी लिहिला. रायगो म्हणाला की तो केवळ उदाहरणादाखल आहे.

"उदाहरण म्हणून दुसऱ्याचं उत्तर लिहिता का तुम्ही?" काल्मेर म्हणाला.

विर्वे तिथेच, चार हातांवर बसली होती. रायगोने एकदाच तिच्याकडे पाहिलं, सहज पाहिल्यासारखं. तिने मान वर केली नाही. त्या क्षणी ती उठली असती आणि मी लिहिला म्हणाली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती, निदान तिच्यापुरती. ती उठली नाही. नोकरी गेली तर या वयात कोण घेणार, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो येऊ दिला. काल्मेरने बूट घातले. खाली बसून नाड्या बांधायला त्याला वेळ लागत होता आणि सगळे दुसरीकडे पाहत होते. जाताना तो म्हणाला की वकील सांगतो, तुमच्यापैकी कोणी चूक लिहून दिली तर काही होईल, नाहीतर नाही. आणि तो गेला.

त्या दिवसापासून विर्वेला जेवण जाईना. ट्राममध्ये शेजारच्या बाईने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं, इतका तिचा चेहरा उतरला होता. पण रडत बसणारी बाई नव्हती ती. ती चिडत बसली, आणि चिडताचिडता तिला वाट दिसली.

पान तिचं नव्हतं, कंपनीचं होतं. पण ऑर्डर कंपनीची नव्हती, तिची होती. तिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ओळखपत्रावर, स्वतःच्या पैशाने केलेली. युरोपात कायदा आहे, माझी माहिती परक्यांना दाखवू नका असं ग्राहकाने सांगितलं की कंपनीला ऐकावं लागतं, आणि नाही ऐकलं तर दंड असा बसतो की रायगोसारख्यांचे लोकरी मोजे विकूनही फिटत नाही. विर्वे ग्राहक म्हणून अर्ज लिहायला बसली. या अर्जातलं एकही वाक्य कापायचा कोणाला अधिकार नव्हता.

तिने लिहिलं की अमुक नंबरची ऑर्डर माझी आहे. ती कंपनीच्या पानावर उदाहरण म्हणून छापली आहे आणि ते पान मीच लिहिलं. नंबर नसल्यास काय करावं हे मी लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. त्यामुळे अनेकांचे एजंट माझ्या ऑर्डरची स्थिती त्यांची म्हणून सांगत आहेत, त्यांत काल्मेर यांचाही आहे. हे मी कंपनीच्या प्रमुखाला सांगितलं असून त्याने बदल करायला नकार दिला आहे. माझी ऑर्डर यापुढे कोणालाही दाखवू नये आणि नंबर पानावरून काढावा. मग ओळखपत्र संगणकात खुपसलं, गुप्त आकडा टाकला, सही झाली. तिथे अशी सही हातच्या सहीइतकीच पक्की, नंतर ती माझी नव्हेच म्हणायची सोय नाही. अर्ज कंपनीला गेला आणि प्रत हा कायदा राबवणाऱ्या सरकारी कचेरीला.

दुपारपर्यंत नंबर पानावरून गेला. वकिलानेच काढायला लावला. मेरिलिनने गंमत म्हणून जुना नंबर साधनाला विचारून पाहिला, तर अशी ऑर्डर नाही असं उत्तर आलं. मग ती विर्वेकडे पाहत राहिली आणि तिला सगळं समजलं. आपल्या डब्यातला पाव अर्धा करून तिने विर्वेच्या टेबलावर ठेवला.

थोड्या वेळाने रायगो आला. या वेळी त्याची पावलं ऐकू आली.

"तुम्ही तुमच्या वस्तू गोळा करा," तो म्हणाला. इतकी वर्षं अरेतुरे करणारा माणूस तुम्हीवर आला की समजायचं, दार बंद झालं. "उद्यापासून येऊ नका."

"उद्या शनिवार आहे," विर्वे म्हणाली.

"तुम्ही कंपनीच्या पायावर धोंडा घातलात. तो माणूस आता हा कागद घेऊन कोर्टात जाईल."

"त्याच्याकडे हा कागद नाही अजून. मी नेऊन देणार आहे."

रायगोने तिला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. विर्वेने कप, चष्मा आणि खिडकीतली कुंडी उचलली. दाराशी बूट घालताना ती भिंतीला टेकली, एवढाच तिने आधार घेतला.

काल्मेरचं घर व्होरूच्या पुढे, बस थांबते तिथून बरंच आत होतं. बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता. अंगणात सालींचा ढीग, आणि मधोमध चौकोनात मांडलेले दगड, ज्यांवर हिवाळाभर तो सौना उभा होता. काल्मेर खोऱ्याने साली ओढत होता. त्याने तिला ओळखलं, पण नमस्कार केला नाही.

विर्वेने अर्ज पुढे केला. वकिलाला द्या, ती म्हणाली, त्याला हवं ते यात आहे. काल्मेरने चष्मा नाही म्हणून तो हातभर लांब धरला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली.

"म्हणजे ते तुम्ही होतात," तो म्हणाला. "त्या दिवशी तिथेच बसला होतात."

"हो."

"आणि गप्प बसलात."

"हो."

तिने आणखी काही सांगितलं नाही. नोकरी गेली हे सांगितलं असतं तर त्याला दया आली असती, आणि दया मागायला ती आली नव्हती. काल्मेरने खोरं झाडाला टेकवलं.

"फोनने रोज सांगितलं. आता तुम्ही सांगा," तो म्हणाला. "माझ्या ऑर्डरचं काय झालं?"

विर्वेला वाटलं तो टोमणा मारतोय. पण तो खरंच विचारत होता. इतक्या दिवसांत त्याला कोणी समोर उभं राहून हे सांगितलंच नव्हतं.

"ती अडवली गेली होती," ती म्हणाली. "तुमच्याकडे खुलासा मागितला होता, तो तुमच्यापर्यंत पोचला नाही. मुदत संपली आणि नाणी त्याला परत गेली. तुम्हाला काही पाठवलेलं नाही."

काल्मेर दगडांच्या त्या चौकोनाकडे पाहत राहिला.

"हे एका सकाळी जरी सांगितलं असतंत," तो म्हणाला, "तर मी ट्रकवाल्याला चहा पाजून रिकामा परत पाठवला असता."

मग तो कागद घेऊन घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.